गणवेश उतरविल्यानंतर
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील महिला सत्रात दोहा येथे केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'निवृत्त लष्करी परिचारिका अधिकारी' असे छापले आहे आणि विषय दिला आहे 'स्त्री आणि शौर्य'. संयोजकांची क्षमा मागून मी विषय थोडा बदलते. शौर्यावर बोलण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे. मी बंदूक चालविली नाही, जखमा बांधल्या. मला बोलावयाचे आहे ते गणवेश उतरविल्यानंतरच्या आयुष्याविषयी.

आपल्या चळवळीचा आरंभ शोधू लागले की प्रथम भेटतो तो पेन्शनर. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीस राहिले. १८८८ साली त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध पुस्तिका लिहिली, आणि आपल्या माणसांची सैन्यभरती बंद होऊ लागली तेव्हा १८९४ साली सरकारकडे अर्ज तयार केला. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे पलटणीच्या शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. पलटणीने ह्या माणसांना अक्षर दिले हे आपण नेहमी सांगतो. पेन्शन दिले हे सांगावयास विसरतो. ज्याच्या पोटाची दोरी गावच्या पाटलाच्या हाती नाही, तोच माणूस निर्भयपणे अर्ज लिहू शकतो. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या त्या थोडक्या रुपयांनी आपल्याला पहिले पुढारी दिले, असे माझे मत आहे.

आता ह्याच चित्रात स्त्री कोठे आहे ते पाहा. कंपनी सरकारच्या सैन्यात शिपायांच्या मुलांना आणि मुलींनाही शिक्षण सक्तीचे होते, हे बाबासाहेबांनीच नमूद केले आहे. म्हणजे छावणीत वाचता येणाऱ्या मुली होत्या. परंतु पेन्शन बापाच्या नावे होते. अक्षर हाती आले, स्वतंत्र रुपया आला नाही. आणि त्या मुलींपैकी कोणी अर्ज लिहिल्याची नोंद माझ्या तरी वाचनात नाही.

हिंदुस्थानच्या सैन्यात परिचारिका १८८८ सालीच आल्या. वलंगकरांच्या पुस्तिकेचे तेच वर्ष. इतर शाखांत मात्र स्त्री अधिकाऱ्यांना दार उघडले ते १९९२ मध्ये, आणि तेही प्रारंभी अवघ्या पाच वर्षांच्या बोलीवर. ही मुदत वाढत वाढत चौदा वर्षांवर आली. पेन्शनला वीस वर्षे लागतात. हिशेब सोपा आहे. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी रुजू झालेली मुलगी छत्तिशी-सदतिशीत बाहेर पडे. मुले शाळेत, हाती पेन्शन नाही, आणि बाहेरच्या नोकरीत पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. ह्याविरुद्ध स्त्री अधिकारी न्यायालयात गेल्या. १२ मार्च २०१० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार अपिलात गेले, आणि १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम कमिशनचा हक्क मान्य केला. स्त्रीची शरीरप्रकृती, तिच्यावरील घरची जबाबदारी ही कारणे सरकारने पुढे केली होती. न्यायालयाने त्यांना पूर्वग्रह म्हटले. आपल्या मुलींनी वाचावे असे हे निकालपत्र आहे. सासरच्यांनीही वाचल्यास बिघडणार नाही.

माझे स्वतःचे सांगते. निवृत्तीनंतर एका कार्यालयात मी कागदपत्रे घेऊन गेले. समोरच्या गृहस्थांनी कागद न पाहताच विचारले, "साहेब आले नाहीत का?" मी म्हटले, "साहेब मीच आहे." ते हसले, त्यांना तो विनोद वाटला. त्याहून जड गेले ते घरातले दिवस. पहाटे पाचला जाग येई आणि करावयास काही नसे. वॉर्डमध्ये चाळीस खाटांची जबाबदारी सांभाळणारी मी अमक्यांच्या सौभाग्यवती झाले. नोकरी सुटली ह्याचे दुःख नव्हते. आपल्याला जे येते ते आता कोणालाच नको आहे, ही जाणीव मनाला लागत होती.

अशा वेळी मोठी उदाहरणे धीर देतात. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात शिकून त्याच संस्थेच्या अधिष्ठाता झालेल्या डॉ. माधुरी कानिटकर २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या आणि निवृत्तीनंतर २०२१ मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. परंतु हे शिखर आहे, आणि आपण बहुतेक पायथ्याशी राहणारी माणसे. मला अधिक जवळचे वाटते ते मलायाचे उदाहरण.

१९४३ साली सिंगापुरात नेताजींनी झाशी राणी पथक उभारले आणि त्याचे नेतृत्व कॅप्टन लक्ष्मी ह्यांच्याकडे दिले. त्यातील कित्येक मुली रबराच्या मळ्यांत राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या लेकी होत्या. म्हणजे आपल्यासारख्याच पोटासाठी समुद्र ओलांडलेल्या घरांतल्या. अनेकींनी हिंदुस्थान डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. १९४५ मध्ये सारे संपले. ना पेन्शन, ना पदक. पण पुढे काय झाले ते पाहा. पथकातील दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकारी जानकी थेवर मलायात परतल्या, १९४६ साली तेथील भारतीयांची मलायन इंडियन काँग्रेस स्थापन करणाऱ्यांत होत्या, आणि पुढे तेथील संसदेच्या वरिष्ठ सभागृहात बसल्या. त्याच पथकातील रसम्मा भूपालन शिक्षिका झाल्या; १९६० मध्ये त्यांनी शिक्षिकांची संघटना उभारून पुरुषांइतक्या वेतनासाठी लढा दिला. स्वतः कॅप्टन लक्ष्मींनी कानपुरात दवाखाना चालविला, १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत काम केले, आणि २००२ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली तेव्हा त्यांचे वय ८७ होते. ह्या स्त्रियांना नेतृत्व कोणी दिले नाही. हजेरी घेणे, नोंद ठेवणे, दहा जणींना घेऊन वेळेवर पोहोचणे, हे त्या पथकात शिकल्या होत्या. समाजाला नेमके तेच हवे होते.

आता दोह्याकडे येते. येथील रुग्णालयात मी नोकरीस लागले आणि कामगार वस्तीतील, घरकाम करणाऱ्या आपल्या भगिनी खाटेवर भेटू लागल्या. त्यांच्यापैकी अनेकींना करार कधी संपतो तेही ठाऊक नसे. रात्रपाळीत जशी अहवालवही लिहितात तशी एक वही मी घातली: करार केव्हाचा, पगार किती, पासपोर्ट कोणाजवळ, घरचा फोन कोणता. येथील कायदा आपल्याला वाटतो तितका मुका नाही. २०१७ च्या कायद्याने, करारात वेगळे ठरले नसेल तर, घरकामगाराला दिवसाला दहा तासांहून अधिक काम लावता येत नाही आणि आठवड्याची सुटी द्यावी लागते. २०२० पासून देश सोडण्यास तिला मालकाचा परवाना लागत नाही. मार्च २०२१ पासून सर्वांना किमान वेतन महिना १००० रियाल ठरले. राहणे-जेवण मालकाने दिले नाही तर ५०० आणि ३०० वेगळे. हे तिला तिच्या भाषेत सांगणारे कोणीतरी हवे, आणि प्रकरण बिकट असेल तर दूतावासापर्यंत सोबत जाणारे.

म्हणून मंडळाला एक तक्रारवजा विनंती आहे. आपण स्त्रियांकडे रांगोळी, स्वागतगीत आणि भोजन ही कामे सोपवितो. हिशेब आणि पत्रव्यवहार पुरुषांकडे. ह्या सभागृहात माझ्याखेरीज दोघी सैन्यातून आलेल्या आहेत, परिचारिका तर कितीतरी आहेत, बँकेत काम करणाऱ्याही आहेत. येत्या निवडणुकीत खजिनदार आणि सचिव ह्या दोन पदांसाठी स्त्रियांची नावे यावीत. नाव सुचविताना "त्यांच्या घरी विचारून सांगतो" असे कृपया म्हणू नये, तिलाच विचारावे.

वही मी सोबत आणली आहे. वंदनेनंतर डावीकडच्या टेबलाशी बसेन. ज्यांना नोंद करावयाची आहे त्यांनी कराराची प्रत आणि कतार आयडी घेऊन यावे. ज्यांना नोंदी लिहिण्यास मदत करावयाची आहे त्यांनी आपले पेन आणावे, माझ्याकडे एकच आहे.