रोहिणीचे पाणी आणि गोदावरीचे पाणी
(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



नदीच्या पाणीवाटपावर बोलणार असे कळविल्यावर संयोजकांपैकी एकाने मला विचारले, “सर, वर्षावासात धम्माचा विषय का घेत नाही?” माझ्या मते हा धम्माचाच विषय आहे. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिल्याची पारंपरिक कथा बाबासाहेबांनी स्वीकारलेली नाही. त्यांनी कारण दिले ते पाण्याच्या भांडणाचे.

शाक्य आणि कोलिय यांच्या राज्यांमधून रोहिणी नदी वाहत होती. दोघांची शेती तिच्यावर. दर हंगामात पहिले पाणी कोणी घ्यायचे आणि किती घ्यायचे, यावरून तंटा होई. एकदा हाणामारी झाली, माणसे जखमी झाली आणि शाक्यांच्या सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. तो नुसता ‘युद्ध नको’ म्हणून थांबला नाही. आपले दोन, कोलियांचे दोन आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी तंटा मिटवावा, अशी त्याची सूचना होती. आजच्या भाषेत याला पाणीतंटा लवाद म्हणतात. ठराव बहुमताने फेटाळला गेला. पुढचा इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे.

हे लिहिणारा माणूस पाण्याच्या प्रश्नात नवखा नव्हता. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज यांचा कारभार त्यांच्याकडे होता. दामोदर खोऱ्याची योजना त्या काळात आकाराला आली. आजच्या केंद्रीय जल आयोगाची पूर्वज संस्था १९४५ साली स्थापन झाली. नदीचा विचार प्रांताच्या हद्दीने न करता संपूर्ण खोऱ्याने करावा, हा त्यांचा आग्रह होता. आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या काळात पाणी अडवणे, साठवणे आणि कामी लावणे हाच विचार प्रमुख होता. नदीलाही तिच्या पाण्यात वाटा हवा, ही भाषा तेव्हा रूढ झालेली नव्हती. बाबासाहेबांनी सगळेच सांगून ठेवले आहे असे म्हणून आपण आपला अभ्यास टाळू नये.

आता आपल्या गोदावरीकडे येऊ. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून ती सुमारे १४६५ किलोमीटर वाहते. पैठणच्या वर दारणा, गंगापूर, भंडारदरा, निळवंडे, मुळा अशी धरणे आहेत, पैठणला जायकवाडी. वरची काही धरणे ब्रिटिश काळातली आहेत. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस आला आणि उसावर सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. तिकडच्या तीन पिढ्यांचा संसार या पाण्यावर चालला आहे, हे मराठवाड्यातल्या माणसाने विसरता कामा नये. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये धरण पुरे झाले. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८३२ कोटी लिटर.

पाऊस चांगला झाला की भांडण नसते. पाऊस कमी झाला की वरची धरणे भरतात आणि खाली पैठणला चिखल दिसतो. २००५ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. टंचाईचा भार वरच्यांनी आणि खालच्यांनी सारखा उचलावा, हे तत्त्व त्यात आले. २०१२ च्या दुष्काळानंतर मेंढेगिरी समितीने हिशेब मांडला आणि त्या आधारे प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून, म्हणजे साधारण ५० टीएमसीहून, कमी असेल, तर वरच्या धरणांतील साठ्याच्या प्रमाणात खाली पाणी सोडायचे. वाद न्यायालयातही गेला. २०२३ च्या पावसाळ्यानंतर सुमारे ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला तेव्हा दोन्हीकडे आंदोलने झाली. या टक्केवारीच्या फेरविचारासाठी आणखी एक समितीही नेमली गेली.

माझ्या मते ही व्यवस्था सदोष असली तरी मोलाची आहे, कारण रोहिणीकाठी फेटाळला गेलेला ठराव इथे निदान कायद्यात उतरला. पण तिच्यात एक मोठी उणीव आहे. हिशेब होतो तो धरणांतल्या साठ्याचा. नदीत वाहणाऱ्या पाण्याचा होत नाही.

पाणी सोडतात तेव्हा काय होते ते पाहा. नदीकाठच्या मोटारींची वीज तोडतात, कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात. पात्र कोरडे असते, ते आधी पाणी पिते. वरून जितके सोडले तितके पैठणला पोचत नाही. या फरकाला अभियंते ‘वहनव्यय’ म्हणतात, आणि वरचे शेतकरी विचारतात की, वाया जाणारे पाणी सोडता कशाला? प्रश्न रास्त वाटतो. पण वाया म्हणजे कोठे गेले? काठच्या विहिरींत गेले. डोहांत साचले, तिथे भोई बांधवांची मासळी टिकली. तहानलेल्या गुरांना मिळाले. पात्र वर्षभर ओलसर राहते तर हा ‘व्यय’ही कमी झाला असता. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीने नदीच्या प्रवाहाचा काही भाग पर्यावरणासाठी राखावा असे म्हटले आहे. तरी आठ-दहा दिवस लोंढा सोडून पुन्हा पात्र कोरडे करणे म्हणजे नदीचा वाटा देणे नव्हे.

विकास आणि निसर्ग एकमेकांचे वैरीच असतात, असेही नाही. निफाड तालुक्यातला नांदूर मधमेश्वरचा बंधारा सिंचनासाठी ब्रिटिशांनी बांधला. मागे गाळ साचला, पाणथळ जागा तयार झाली, पक्षी आले. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. जायकवाडीचा जलाशयही १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. पैठणचा साठा तळाला जातो तेव्हा शहराच्या नळाबरोबर पक्ष्यांचे खाद्यही जाते. आणि उसाबद्दल वरच्यांना बोल लावताना जायकवाडीच्या लाभक्षेत्रातही ऊस उभा आहे, हे आपण बोलत नाही.

आता आपल्या माणसांचे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आपण पाण्याला हात लावला. न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडले. पण कालव्याचे पाणी जमिनीला मिळते, माणसाला नाही. ज्याला जमीन नाही त्याचे नाव पाण्याच्या मागणी-अर्जावर येतच नाही, आणि आपल्यातले बहुसंख्य भूमिहीन. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी माणशी मोजले: माणसामागे अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस लावायचा नाही. हे एवढेसे नियम. पण मोठ्या खोऱ्यांच्या वाटपात ते कोणी उचलले नाहीत, कारण ते साखरेच्या आणि जमीनदारीच्या आड येतात.

विद्यार्थ्यांना एक काम सांगतो. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा वर्तमानपत्रात येतो, तो वहीत लिहा. आपल्या गावातली नदीकाठची एक विहीर धरा, सार्वजनिक असेल तर उत्तम. पाणी सुटण्याआधी, सुटल्यावर आणि महिन्याने दोरी टाकून पाणी किती हातांवर आहे ते मोजा. ज्यांच्या नावावर शेत नाही अशा दहा घरांना विचारा, त्या दिवसांत पाणी कोठून आणले. पुढच्या वर्षावासात त्या वह्या घेऊन या. तेव्हा भाषण मी करणार नाही, तुम्ही करायचे.