अप्पांची सात गावं

माझी मराठी काहींना थोडी वेगळी वाटेल. मी तंजावरची मराठी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी कुटुंबं कावेरीकाठी आली, त्यांतलं एक आमचं. शाळेत तमिळ, घरात मराठी, आणि मराठी पत्र लिहायचं तेही तमिळ अक्षरांत. आता वीस वर्षं पुण्यात आहे, त्यामुळे बोलणं बरंच सुधारलंय, किंवा बिघडलंय म्हणा. आज मात्र मी तिरुवैयारुला, आमच्या घराच्या ओट्यावर बसून बोलते आहे. विषय आहे माझे वडील. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो.

तंजावरपासून तेरा किलोमीटरवर हे गाव. नावाचा अर्थच पाच नद्यांचं पवित्र गाव. कावेरी, कुडमुरुट्टी, वेण्णारु, वेट्टारु, वडवारु. बाहेरच्या लोकांना ते त्यागराजांमुळे ठाऊक असतं. 1847 साली त्यांनी इथे देह ठेवला, नदीकाठी त्यांची समाधी आहे, आणि दर पुष्य वद्य पंचमीला शेकडो गायक एकत्र बसून पंचरत्न कृती गातात. अप्पांना मात्र गाण्यात गती नव्हती. ते शाळेत गणित शिकवायचे आणि उरलेला वेळ घराबाहेर असायचे. पहाटे साडेचारला सायकल काढायची, नाहीतर चालत निघायचं. नदीचा बांध, केळीच्या बागा, भाताची शेतं. सातला परत. शर्टाच्या खिशात काहीतरी असायचंच. खंड्याचं पीस, कडुलिंबाचा मोहोर, कधी नुसती चिमूटभर वाळू. ते सगळं अम्माच्या हातात जायचं.

अम्माचा उजवा पाय लहानपणी पोलिओने गेला. घर आणि अंगण एवढंच तिचं चालणं.

मला याचा राग यायचा. पंधरा वर्षांची असताना मी अप्पांना तोंडावर म्हटलं, "अम्माला घरात ठेवून तुम्ही एकटेच मजेत फिरता." ते काही बोलले नाहीत. अम्मा भाजी चिरत होती. ती म्हणाली, "खंड्याचं बीळ बांधाच्या कुठल्या बाजूला आहे, विचार त्यांना. मग मला विचार." मी विचारलं नाही. त्या वयात कोण विचारतं?

आमच्याकडे जून महिन्याची वाट दिवाळीसारखी बघतात. मेट्टूर धरणाचे दरवाजे साधारण 12 जूनला उघडायची रीत आहे. त्याआधी उन्हाळाभर कावेरी म्हणजे नुसती वाळू. काही दिवसांनी पाणी कल्लणैला येतं आणि मग आमच्याकडे. ते धो धो येत नाही. वाळलेली पानं आणि फेस पुढे ढकलत, वाळू भिजवत, माणसाच्या चालीनं येतं. अप्पा आम्हां भावंडांना कोरड्या पात्रात अनवाणी उभं करायचे आणि म्हणायचे, "हलू नका, ती येऊन भेटेल." त्याच्या आधी ते अम्माला सायकलच्या कॅरिअरवर बसवून पुष्य मंडपाच्या घाटावर आणायचे, उचलून शेवटच्या पायरीवर ठेवायचे. पाणी आधी आमच्या पायांना लागायचं, मग तिच्या. त्यांना घाई कधीच नसे.

पण त्यांचा खरा सण चैत्रातला. इथले देव ऐयारप्पर यांनी नंदीचं लग्न तिरुमळपाडीला लावून दिलं अशी कथा आहे. शेजारच्या सहा गावांनी लग्नाला मदत केली. तिरुप्पळनमने फळं दिली, तिरुच्चोट्रुत्तुरैने भात, तिरुवेदिकुडीने वैदिक ब्राह्मण, कंडियूरने दागिने, तिरुप्पून्तुरुत्तीने फुलं आणि तिल्लैस्थानमने तूप. म्हणून लग्नानंतर देव नवपरिणित जोडप्याला घेऊन पालखीतून आभार मानायला निघतात. सहा गावं करून सातव्या, म्हणजे स्वतःच्या गावी दुसऱ्या दिवशी परत. मागे माणसांची रांग, मध्ये नद्यांची कोरडी पात्रं, दुपारी तापलेली वाळू. परतल्यावर एक बाहुली देवांवर फुलं टाकते आणि उत्सव संपतो.

अप्पा दरवर्षी ही वाट चालायचे. घरी आले की पाय गरम पाण्यात सोडून अम्माला सगळं सांगायचे. कुठे ताक मिळालं, कुठल्या वळणावर ताडाखाली बसलो, कुठली विहीर आटली. आम्ही पोरं जांभया द्यायचो. ती मात्र मध्येच विचारायची, "आणि त्या देवळापुढचा पिंपळ?"

अप्पा गेले ते फाल्गुनात. पालखी महिन्यावर आली होती. अम्मा म्हणाली, "या वर्षी तू जा." मी तोवर एकदाही चालले नव्हते. माझ्याच गावची वाट मला ठाऊक नव्हती. कानात फोन आणि फोनवर अम्मा. "आता डाव्या हाताला केळीची बाग संपेल. पुढे मारुतीचं छोटं देऊळ. तिथे चप्पल काढ, वाळू मऊ आहे." जिथे कधी पाऊल टाकलं नाही, ती वाट ती मला दाखवत होती, आणि एकही वळण चुकत नव्हती. खंड्याचं बीळ कुठे हेही मी तेव्हा विचारलं. तिने सांगितलं, आणि ते तिथेच होतं.

कंडियूरच्या अलीकडे ती म्हणाली, "आता विहीर येईल, दगडी काठाची." विहीर नव्हती. मी जरा थांबले. मग खरं ते सांगितलं, "अम्मा, इथे आता पेट्रोल पंप आहे."

ती गप्प झाली. मला वाटलं, उगाच बोलले. अप्पांनी तिला दिलेल्या वाटेचा एक तुकडा मी मोडला.

"होंदे," ती म्हणाली. आमच्या बोलीत म्हणजे, होऊ दे. "रंग कुठला आहे त्याचा?"

मी पुढे निघून आले होते. परत मागे गेले, नीट पाहिलं आणि सांगितलं.

त्या दिवशी पंधराव्या वर्षीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. अप्पा एकटे फिरत नव्हते. ते तिच्यासाठी बघत होते, रोज, नेमाने, जवळपास चाळीस वर्षं. आणि ती विचारत होती, म्हणून त्यांना नीट बघावं लागत होतं. आम्हां मुलांना त्यांनी पोहायला शिकवलं, पक्षी ओळखायला शिकवलं, पण ही गोष्ट मी त्यांच्यामागे शिकले.

आता दर चैत्रात मी पुण्याहून येते. चालते आणि सांगते. माझं सांगणं अप्पांइतकं चांगलं नाही, असं अम्माचं मत आहे. "पक्ष्यांचं काहीच सांगत नाहीस," म्हणते. पुढच्या वर्षी दुर्बीण आणणार आहे.