एसी गार हवा देईनासा झाला तर
(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



खेड्यांतही आता बऱ्याच घरांत एसी बसले आहेत. ऐन उन्हाळ्यात गारवा कमी झाला की पहिला शब्द ऐकू येतो तो "गॅस संपला". वास्तविक एसीतील गॅस ट्रॅक्टरच्या डिझेलसारखा खर्च होत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरतो. खोलीतील उष्णता तो आतल्या जाळीत घेतो व बाहेरच्या जाळीत सोडतो. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. ती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरणे म्हणजे फुटक्या पाइपलाइनवर मोटार चालू ठेवण्यासारखे आहे.

म्हणून मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी काही गोष्टी आपणच पाहाव्यात. रिमोटवर बर्फाच्या कणाची खूण आहे ना, हे आधी पाहा. नुसता पंखा चालू ठेवून तक्रार करणारेही भेटतात! वीज जाऊन आली असेल, तर कॉम्प्रेसर सुमारे तीन मिनिटे थांबून सुरू होतो. त्यानंतर आतल्या यंत्राची जाळीदार गाळणी काढून धुवा. हवा अडली की आतल्या जाळीवर बर्फ धरतो आणि गारवा खोलीत येत नाही. बर्फ धरला असल्यास तो खरवडू नका. एसी बंद ठेवून त्याला वितळू द्या.

आता बाहेरच्या यंत्रापाशी जा. खरे निदान येथेच होते. तापमान सर्वांत कमी ठेवून दहा-पंधरा मिनिटे एसी चालू द्या, म्हणजे इन्व्हर्टर एसीचाही कॉम्प्रेसर जोरात चालेल. पंख्यातून चांगली गरम हवा येत असेल, तर यंत्र आपले काम करीत आहे. मग दोष धुळीचा, उघड्या खिडकीचा किंवा तापलेल्या पत्र्याचा. विदर्भात बाहेर ४५ अंश सेल्सिअस असताना पत्र्याच्या खोलीत २८ अंश मिळाले, तर त्याला बिघाड म्हणता येणार नाही.

बाहेरची जाळी आपल्याकडे लवकर बुजते. सोयाबीन किंवा गव्हाच्या मळणीचा भुसा मागच्या बाजूने आत ओढला जातो व गोधडीसारखा बसतो. मेन स्विच बंद करून वरून खाली, कमी दाबाने, स्वच्छ पाण्याने ती धुवावी. फवारणीचा पंप मात्र वापरू नये. दाबाने पातळ पत्र्या वाकतात. शिवाय पंपात बोर्डो मिश्रणाचा अंश राहिला असल्यास त्यातील तांबे ॲल्युमिनियमच्या पत्र्या खाते. हे यंत्र गोठ्याच्या भिंतीलाही लावू नये. गोमूत्रातून निघणारा अमोनिया तांब्याच्या नळ्यांना बाधतो आणि पुढे गळती सुरू होते.

पंखा फिरतो, पण कॉम्प्रेसर 'हूं' करून बंद पडतो, अशी तक्रार असेल, तर सिंगल फेज मोटार आठवा. कारणेही तीच, कमी दाब किंवा खराब कपॅसिटर. दाब एसी बंद असताना मोजून उपयोग नाही. कॉम्प्रेसर सुरू होतानाच तो मोजावा. त्या क्षणी काटा १७०-१८० व्होल्टपर्यंत घसरत असेल, तर गॅसला दोष देऊ नका. एसी दिव्यांच्या लाइनवर जोडलेला असतो, हे पुष्कळदा यामागचे कारण असते. त्याला मीटरपासून स्वतंत्र, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार द्यावी. कपॅसिटर फुगलेला दिसला, तर त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडचाच नवा बसवावा. हे काम वायरमनवर सोपवा, कारण वीज बंद केल्यावरही कपॅसिटर जोराचा धक्का देतो.

गॅस खरोखर कमी असल्याची खूण वेगळी आहे. दोन्ही यंत्रे चालू असतात, बाहेर येणारी हवा जेमतेम कोमट असते आणि बाहेरच्या यंत्राच्या बारीक नळीवर पांढरे दव गोठते. सांध्यांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग शोधा. गॅसबरोबर तेल बाहेर पडते, म्हणून गळती बहुधा तेथेच सापडते. साबणाच्या फेसाचे बुडबुडे ती पक्की दाखवतात.

आता मेकॅनिकला बोलवा, पण काम होताना जवळ उभे राहा. दाबाची चाचणी नायट्रोजनने व्हावी. ऑक्सिजन कदापि वापरू देऊ नये, तेलाशी मिळून स्फोट होतो. गळती बंद केल्यावर व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा व ओल काढावी लागते. थोडा गॅस सोडून हवा उडवून लावण्याची पद्धत चुकीची आहे, कारण आत राहिलेली ओल कॉम्प्रेसरच्या मुळावर येते. गॅसचा प्रकार व वजन यंत्राच्या पट्टीवर लिहिलेले असते. तोच गॅस काट्यावर मोजून भरून घ्यावा. आर-३२ हा गॅस पेट घेऊ शकतो आणि आर-२९० तर साक्षात प्रोपेन आहे, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि बिडी-काडी दूर ठेवा.

शेवटी कोंबड्यांच्या शेडमधला थर्मामीटर आणा. एसी पंधरा मिनिटे चालल्यावर आत ओढली जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा यांत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक दिसला पाहिजे. तो पाहून मगच पैसे द्यावेत, आणि किती ग्रॅम गॅस भरला ते पावतीवर लिहून घ्यावे.