मशीनवर असताना बीपी उतरलं तर

सुरतेत लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन स्थायिक झालेली कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांतल्या ज्या घरात कुणाचं डायलिसिस चालू आहे, त्या घरासाठी आजचं हे बोलणं.

मशीन लावून दोन-अडीच तास झाले, की काही रुग्णांना एकामागून एक जांभया येऊ लागतात. कपाळावर घाम फुटतो, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. सिस्टरला कशाला त्रास द्यायचा, म्हणून पुष्कळ जण डोळे मिटून सोसतात. कृपा करून असं करू नका. पहिल्या जांभईलाच हाक मारा. त्या वेळी पाणी काढणं थांबवलं, पाय उंच केले, लागलंच तर थोडं सलाईन दिलं, की बहुतेकदा बीपी सावरतं. उशीर झाला तर शुद्ध हरपते, कधी हातातला फिस्टुला बंद पडतो. आणि हे वारंवार होत राहिलं, तर हृदयाचं कायमचं नुकसान होतं.

मशीन पाणी काढतं ते रक्तातून. अंगावरच्या सुजेतलं पाणी मागाहून रक्तात येतं, पण सावकाश. काढण्याचा वेग त्याहून वाढला, की बीपी घसरतं. वजनाच्या दर किलोमागे तासाला १३ मिलिलिटरच्या वर जाऊ नये, असं साधारणपणे मानतात. ६० किलोचा माणूस ४ किलो वाढवून आला आणि ते सगळं ४ तासांत काढायचं म्हटलं, तर हा आकडा १६च्या पुढे जातो. म्हणून डॉक्टर ‘आज तासभर जास्त थांबा’ म्हणाले, तर थांबा.

हे ४ किलो येतात कुठून? घरोघरी पाण्याचे पेले मोजले जातात, मीठ कुणी मोजत नाही. माझ्या मते खरी गफलत तिथेच आहे. ९ ग्रॅम मीठ शरीरात जवळजवळ लिटरभर पाणी धरून ठेवतं, आणि खारट खाल्लं की तहान लागणारच. तिथे निश्चय टिकत नाही. दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ पुरे, म्हणजे एक सपाट चमचा. शेवभाजी, ठेचा, पापड, शिवाय इथला फाफडा नि खमण. एवढ्यात ते कधीच ओलांडलेलं असतं. आणि बाजारातलं कमी सोडियमचं मीठ मुळीच आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. या रुग्णांच्या जिवावर बेतू शकतं.

आखाजीला किंवा लग्नाला गावी जायचं म्हणून एखादं डायलिसिस चुकवलं जातं, आणि परत आल्यावर वजनाचा काटा भलताच वर गेलेला असतो. २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, तो जिल्हा रुग्णालयांसाठीच. निघण्याआधी गावाकडच्या जिल्हा रुग्णालयात डायलिसिसची सोय होईल का, याची चौकशी करा.

बीपीची गोळी डायलिसिसच्या दिवशी सकाळी घ्यायची की नंतर, हे डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका. मशीनवर असताना भरपेट जेवू नका, रक्ताचा ओघ पोटाकडे वळतो. लागोपाठ बीपी उतरत असेल तर ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी निघाल्यावरचं वजन, पुन्हा ठरवून घ्या. भूक सुधारून अंगावर मांस चढलेलं असतं, आणि मशीन मात्र जुन्याच वजनापर्यंत पाणी ओढत राहतं. मशीनमधलं डायलिसिसचं द्रावण थोडं गार, ३६ अंशांच्या आसपास ठेवूनही काहींना बरं वाटतं, तेही विचारून पाहा. सुया काढल्यावर काही वेळ बसून राहा, उभ्याने बीपी मोजून घ्या, मगच घरी निघा.