डोळ्यांचा डॉक्टर होताना : पहिलं वर्ष अंधाऱ्या खोलीत

एमएस ऑप्थॅल्मॉलॉजी करतेय म्हटलं की घरचे, मित्र आणि तुमच्यापैकी बरेच जण पहिला प्रश्न हाच विचारतात : "मग, पहिल्या वर्षी किती ऑपरेशनं केलीस?" मोतीबिंदूचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, माझ्या हातानं? एकही नाही. आमच्याकडे जेआर-वनला ते मिळत नाही. काही कॉलेजांत थोडं लवकर मिळतं. पण म्हणून पहिलं वर्ष म्हणजे नुसती हमाली, असं सीनियर हसत सांगतात ना, ते मला पटत नाही.

कोर्स ३ वर्षांचा. सुरुवातीचे महिने मुक्काम अंधाऱ्या खोलीत, रेटिनोस्कोपी शिकायला. हातातल्या यंत्रातून प्रकाशाची बारीक पट्टी पेशंटच्या बाहुलीवर फिरवायची आणि आतून परत येणारी लालसर चमक कुठे सरकते ते बघायचं. पट्टीबरोबर सरकली तर प्लसची काच लावा, उलट सरकली तर मायनसची. काचा बदलत जायचं. चमक हलायची थांबली, अख्खी बाहुली एकदम उजळली, की मिळाला आकडा. त्यातून आपण बसलोय त्या अंतराचे वजा करायचे. ६६ सेंटीमीटरवरून बघत असाल तर दीड. ऐकायला सोपं आहे. मला पहिले दोन महिने चमक दिसायची, पण ती चाललीये कुठे हे कळायचं नाही.

तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटरवर नंबर निघतो की. निघतो. पण दोन वर्षांचं पोर त्या मशीनवर हनुवटी टेकवून बसत नाही. शिवाय लहान मुलांचा डोळा आतून जोर लावत राहतो आणि नंबर फसवा येतो. म्हणून आधी घरी तीन दिवस ॲट्रोपिनचं मलम घालायला सांगायचं. आईला बजावून ठेवायचं, की ताई, पुढचे दहा-पंधरा दिवस याला जवळचं धूसर दिसेल, उन्हात डोळे मिटेल, घाबरू नका. हे नीट सांगितलं नाही तर दुसऱ्या दिवशी आजी-आजोबांसकट अख्खं घर ओपीडीत! आणि हा खटाटोप का? एका डोळ्याला मोठा नंबर असेल आणि तो लहानपणीच सापडला नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मग मोठेपणी चष्मा देऊनही तो डोळा पूर्ण साथ देत नाही.

आता वॉर्ड. शिबिरातून वीस-पंचवीस आजी-आजोबा येतात, उद्या ऑपरेशन. आज प्रत्येकाचं सिरिंजिंग. म्हणजे पापणीच्या कोपऱ्यातल्या इवल्याशा भोकातून सलाईन सोडायचं आणि विचारायचं, "आजी, घशात खारट लागलं का?" लागलं तर रस्ता मोकळा. पू बाहेर आला तर ऑपरेशन पुढे ढकला, नाहीतर इन्फेक्शन थेट डोळ्याच्या आत.

मग ए-स्कॅन. माझ्या मते पहिल्या वर्षातलं सगळ्यात जबाबदारीचं काम हेच. मोतीबिंदू काढून आत जी लेन्स बसवतात तिची पॉवर ठरवायला कॉर्नियाचा, म्हणजे पुढच्या पारदर्शक काचेचा, गोलवा लागतो आणि डोळ्याची लांबी लागते. लांबी साधारण २३-२४ मिलिमीटर. नवीन मशीन प्रकाशानं मोजतं, पण आपल्याकडे येणारा मोतीबिंदू इतका पिकलेला असतो की प्रकाश आरपार जातच नाही. मग सुन्न करायचा थेंब टाकून पेनासारखा प्रोब कॉर्नियाला हलकेच टेकवायचा. हलकेच म्हणजे किती? दाबला की डोळा चेपतो आणि लांबी कमी दिसते. १ मिलिमीटर कमी मोजली, तर लेन्स साधारण अडीच ते तीन नंबरनं चुकते.

सर्जन कितीही भारी असू दे, टाके-बिके सगळं सुंदर, पण आजींना मायनस तीनचा नंबर येणार. तांदूळ निवडता येतील, पण एसटीची पाटी वाचता येणार नाही. ती लेन्स सहसा जन्मभर आतच राहते. आणि चष्मा त्या गावी करून घेतीलच याचा भरवसा नाही. तर तो आकडा कोण लिहितं? युनिटमधली सगळ्यात ज्युनियर मुलगी, संध्याकाळी सात वाजता, विसाव्या पेशंटवर. मी दहा रीडिंग घेते, दुसऱ्या डोळ्याशी ताडून बघते. दोन्हींत फार फरक दिसला तर पुन्हा पहिल्यापासून. सिस्टर वैतागतात, वैतागू देत.

बाकी नाईट ड्युटी, डोळ्यात उसाचं पान लागलेले शेतकरी, थीसिसचा विषय, हे आहेच. झोप नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि ऑपरेशनचा सराव? तो बकऱ्याच्या डोळ्यावर. सकाळी मटणाच्या दुकानातून ताजे डोळे आणायचे, फोमवर टाचणीनं बसवायचे आणि मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक दोऱ्यानं टाके घालत बसायचं, पायाखाली पेडल. दुकानदार आता ओळखतो, न सांगता बाजूला काढून ठेवतो. डबा मात्र हॉस्टेलच्या फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, असं रूममेटनं निक्षून सांगितलंय.

नेत्रदानाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, त्यावर पुढचा भाग करू. भेटूया.