चूल, संडास आणि छप्पर: वसईतील परिषदेचे स्वागताध्यक्षीय भाषण



बेघर वस्त्यांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे, स्वच्छतागृहे आणि घरे उभारणाऱ्या धर्मादाय संस्थांच्या या परिषदेत सर्वांचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत आहे. स्वागताध्यक्षाने गावाची थोरवी सांगावी, व्यवस्थेतील उणिवांची आगाऊ क्षमा मागावी आणि देणगीदारांचे आभार मानून लवकर खाली बसावे, अशी प्रथा आहे. यांतील पहिले काम येथे थोडे लांबण्याचा संभव आहे, कारण वसईचा इतिहास थोडक्यात सांगणे कोणाही वसईकराला आजवर साधलेले नाही.

या परिसराचा लेखी पुरावा सोपाऱ्यापासून सुरू होतो. प्राचीन ग्रंथांत शूर्पारक या नावाने येणाऱ्या या बंदरातील एक टेकाड स्थानिक लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखत असत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तेव्हा तो बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. त्याच सुमारास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात मिळाला आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचाही तुकडा हाती आला. लग्न, जन्म, आजारपण, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात, परंतु दास आणि सेवक यांच्याशी नीट वागणे हाच मोठे फळ देणारा मंगलविधी होय, असे या नवव्या लेखाचे प्रतिपादन आहे. परिषदेच्या विषयाशी त्याचा संबंध ओढूनताणून जोडला आहे, असे कोणी म्हटल्यास ते नाकारता येणार नाही. पण ज्या गावाच्या मातीत असा लेख सापडतो, त्या गावाला तो सांगण्याचा मोह आवरत नाही, एवढे समजून घ्यावे.

सोपाऱ्यानंतर किल्ला. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने दीर्घ वेढ्यानंतर ती जिंकून घेतली. म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ पोर्तुगिजांच्या ‘उत्तर प्रांता’चे हे मुख्य ठाणे होते. किल्ल्याच्या बुरुजांविषयी, चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला केलेल्या नवसाविषयी आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने येथेच केलेल्या त्या दुर्दैवी तहाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तटाच्या आत एकेकाळी काम करणाऱ्या एका संस्थेची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही, आणि या परिषदेच्या निमित्ताने ती काढणे हे स्वागत समितीला आपले कर्तव्य वाटते.

‘सांता काझा दा मिझेरिकोर्डिया’, म्हणजे ‘दयेचे पवित्र घर’, ही ती संस्था. पोर्तुगालची राणी लेओनोर हिच्या आश्रयाने १४९८ मध्ये लिस्बनला हा दयाधर्मी संघ स्थापन झाला आणि पुढे पोर्तुगीज अमलाखालील बहुतेक महत्त्वाच्या शहरांत, गोव्यात आणि वसईतही, त्याची घरे उभी राहिली. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, वाटसरूला आसरा, आजाऱ्याची शुश्रूषा, बंदिवानाची सुटका आणि मृताला मूठमाती ही सात शारीरिक दयाकृत्ये, आणि त्यांच्या जोडीला सात आध्यात्मिक कृत्ये, असे चौदा कलमांचे व्रत या संघाने स्वीकारलेले असे. लिस्बनच्या नियमावलीप्रमाणे कारभारी मंडळात तेरा सदस्य असत, त्यांची निवड दरवर्षी होई, आणि त्यांत सरदार घराण्यांबरोबर हातकाम करणारे कारागीरही बसत. आजच्या विश्वस्त मंडळांनी यातील वार्षिक निवडणुकीचे कलम विशेष लक्षपूर्वक वाचावे, अशी नम्र सूचना येथे करावीशी वाटते.

मिझेरिकोर्डियाचे गुणगान करताना तिची मर्यादा झाकणे बरोबर होणार नाही. ज्यांच्यासाठी ती चालत होती त्यांना तिच्या मंडळात जागा नव्हती, आणि ज्या हातांनी दगड वाहून किल्ल्याचा तट बांधला त्यांतील बहुतेकांची वस्ती तटाबाहेर होती. अन्न, औषध आणि आसरा एकाच दाराशी मिळावा, त्यासाठी गरजूला तीन दारे पुजावी लागू नयेत, ही तिची दृष्टी मात्र आजही जुनी झालेली नाही.

वसईचा एक सुपुत्रही या संदर्भात आठवतो. संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव येथे महाविद्यालयाला आहे, त्यांचा सण दरवर्षी साजरा होतो, तेव्हा ते विस्मृत आहेत असे कोण म्हणेल? तरीही त्यांची एक बाजू खरोखरच विसरली गेली आहे. १५५७ च्या सुमारास वसईत जन्मलेले गोन्सालो तरुणपणीच जपानला गेले, तेथील भाषा शिकले, काही काळ व्यापार करून मनिलामध्ये फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले आणि १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता यांच्या शिष्टमंडळाचे दुभाषी होऊन पुन्हा जपानला पोहोचले. सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडून क्योतो शहरात जागा मिळाल्यावर या फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरोगी आणि निराधार यांच्यासाठी रुग्णालये चालवली. ज्यांना घरच्यांनी बाहेर काढले होते त्यांच्यासाठी ते दवाखान्याइतकेच राहण्याचेही ठिकाण होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवण्यात आले, त्यांत गोन्सालो होते आणि ओसाकाच्या फ्रान्सिस्कनांसाठी स्वयंपाक करणारा जोआकिम साकाकिबारा हाही होता. १८६२ मध्ये रोमने या सर्वांना संतपद दिले. आचाऱ्याचे आणि दुभाष्याचे नाव एकाच यादीत घेणारी ही घटना सामुदायिक स्वयंपाकघरे चालवणाऱ्या मंडळींना परकी वाटू नये.

इतिहास येथे थांबवून वर्तमानाकडे वळणे भाग आहे. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि २०११ च्या जनगणनेतच या शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांना घालून दिलेला दंडक दर लाख लोकसंख्येमागे एक चोवीस तास उघडे निवारा केंद्र असा आहे. त्या हिशेबाने या एका शहराला बारा केंद्रे लागतात, आणि हा हिशेब २०११ च्याच लोकसंख्येचा आहे. जनगणनेच्या व्याख्येनुसार रस्त्याकडेला, पदपथावर, मोठ्या नळांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळांच्या आवारात किंवा रेल्वेच्या फलाटावर उघड्यावर राहणारे कुटुंब ते बेघर होय. २०११ मध्ये देशात अशा सुमारे १७.७ लाख व्यक्ती मोजल्या गेल्या आणि त्यांत महाराष्ट्रातील दोन लाखांहून अधिक होत्या.

परंतु या व्याख्येत वसईच्या पूर्व पट्ट्यातील वीटभट्टीवरचे कुटुंब नीट बसत नाही. कातकरी समाजातील पुष्कळ कुटुंबे पावसाळा संपल्यावर मालकाकडून ‘उचल’, म्हणजे हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम, घेऊन भट्टीवर जातात, आठवड्याच्या ‘खावटी’वर, म्हणजे मजुरीतून वळती होणाऱ्या खर्चापुरत्या पैशांवर, हंगाम काढतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेथे ती ज्या तात्पुरत्या झोपडीत राहतात तिला ‘भोंगा’ म्हणतात. वसई तालुक्यातील उसगाव येथून काम करणाऱ्या विधायक संसद आणि श्रमजीवी संघटना या संस्थांनी वेठबिगारीतून मजुरांची सुटका करण्याची चळवळ उभी केली, आणि भट्टीवरच्या मुलांसाठी विधायक संसदेने त्याच नावाच्या ‘भोंगाशाळा’ काढल्या. ज्यांच्या हातच्या विटांनी नालासोपारा आणि विरारचे मजले चढले, त्यांच्या स्वतःच्या भिंती कुडाच्याच राहिल्या. हे वाक्य स्वागताच्या भाषणात अवघड वाटेल, तरी ते गाळून गावाची थोरवी सांगता येत नाही.

या समाजासाठी पैसा अजिबात नाही असे नाही. कातकरी हा केंद्र सरकारच्या यादीतील विशेष असुरक्षित आदिवासी गट असून नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन अभियानात त्यांच्या घरकुलांची तरतूद आहे, शबरी आवास योजनाही आहे. अडचण येते ती घराखालच्या जमिनीची. वाडी खासगी मालकाच्या किंवा वनखात्याच्या जागेवर असेल तर घरकुल मंजूर होऊनही पाया खणता येत नाही, आणि धर्मादाय संस्थेने जागेचा कागद न पाहता बांधलेले घर पुढे कोणाचे, हा प्रश्न तसाच राहतो. देणगीदाराला भिंत दिसते, तिचे छायाचित्र काढता येते, फीत कापता येते. सातबाऱ्यावरील नोंदीसाठी तलाठ्याकडे घातलेल्या खेपांचे छायाचित्र निघत नाही, म्हणून त्या कामाला निधीही मिळत नाही. स्वागत समितीच्या मते परिषदेने आपला सर्वाधिक वेळ याच कंटाळवाण्या प्रश्नाला द्यावा.

संडासांच्या बाबतीत या भूमीची स्वतःची एक अट आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यात बागायतीसाठी खणलेली ‘बावखले’, म्हणजे जमिनीतील गोड्या पाण्याची तळी, पिढ्यान्‌पिढ्या केळीच्या आणि पानवेलींच्या बागा जगवत आली आहेत. याचा अर्थ येथे भूजल हाताशी आहे. देशावर उत्तम चालणारा शोषखड्ड्याचा संडास येथे जसाच्या तसा बांधला तर पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरतो आणि मैला विहिरीच्या वाटेला लागतो. तेव्हा नमुना कोणत्याही पुरस्कारप्राप्त प्रकल्पातून आणला असला तरी तो बांधण्यापूर्वी भर पावसात जमिनीखाली किती फुटांवर पाणी लागते ते पाहावे. जुलै २०१८ च्या पावसात मिठागराची वस्ती पाण्याने वेढली गेली होती, हे येथील कोणीही सांगेल.

बांधकाम झाल्यावर कारभार कोणाकडे, या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या पदपथांवरून आले आहे. १९८१ मध्ये पदपथवासीयांना हटवण्याची घोषणा झाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, मात्र नोटीस देऊन हटवण्यास मोकळीकही ठेवली. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळा परिसरातील सुमारे सहा हजार पदपथवासी कुटुंबांची गणती केली, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या ‘महिला मिलन’च्या बायकांनी बचत करता करता आपल्या घराचा नकाशा स्वतः ठरवला: चौदा फूट उंची, म्हणजे पोटमाळा निघतो. पुढे पुण्यात १९९९ पासून महापालिकेने स्वयंसेवी संस्थांमार्फत बांधलेल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांत मुलांसाठी वेगळे संडास आणि राखणदार कुटुंबासाठी खोली हे बदल वापरणाऱ्यांच्या अनुभवातूनच आले. मिझेरिकोर्डियाच्या मंडळात जी खुर्ची रिकामी होती, ती या बायकांनी भरून काढली, असे म्हणावयास हरकत नाही. भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा हे दोन्ही शब्द एकाच दमात उच्चारणारे, हातात खराटा घेऊन गावोगाव फिरणारे आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारून स्वतः मात्र त्यात मालकी न ठेवणारे गाडगेबाबा तर या सभागृहातील प्रत्येकाचे पूर्वसूरी आहेत.

आता क्षमायाचना. सकाळच्या वेळी विरार लोकलने आलेल्या प्रतिनिधींना जो अनुभव आला असेल त्याबद्दल समितीला खेद आहे, मात्र त्यावर उपाय करणे समितीच्या आवाक्यात नाही. निवासाची सोय तीन ठिकाणी विभागावी लागली, त्यामुळे काही मंडळींना नालासोपारा पूर्वेतून पश्चिमेला येताना उड्डाणपुलावर खोळंबावे लागले. पिण्याचे पाणी टँकरने आणले आहे, ते कृपया हात धुण्यासाठी वापरू नये. स्वच्छतागृहांवरील परिषदेच्या मंडपामागे स्त्रियांसाठीची स्वच्छतागृहे अपुरी पडत असल्याचे पहिल्या तासातच ध्यानात आले; त्यावर जेवढी टीका होईल तेवढी रास्तच आहे, आणि शेजारच्या शाळेने दुपारपासून आपली स्वच्छतागृहे उघडून देण्याचे मान्य केले आहे. ध्वनिक्षेपक मधूनच गुरगुरतो, याची तक्रार संबंधितांपर्यंत पोहोचली आहे.

देणगीदारांपैकी बहुतेकांनी नाव न घेण्याची अट घातल्याने त्यांच्या कामाचाच उल्लेख करावा लागत आहे. आगाशीच्या बागायतदारांनी सुकेळी पाठवली आहेत. राजेळी केळी उन्हात सुकवून करण्याचा हा पदार्थ आता मोजक्या घरांत उरला आहे, तेव्हा तो चहाबरोबर घाईने न खाता सावकाश खावा. अर्नाळा आणि पाचूबंदरच्या कोळी भगिनींनी दोन्ही दिवसांची मासळी नफा न घेता दिली. रात्रीच्या जेवणात आगाशीचे भुजिंग आहे, आणि शाकाहारी मंडळींची पंगत वेगळी असून तिचा खर्च एका किराणा व्यापाऱ्याने उचलला आहे. खुर्च्या चर्चच्या सभागृहातून, सतरंज्या देवस्थानाकडून आणि भांडी मशिदीच्या जमातीकडून आली आहेत. ती परत करताना अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांच्यावर रंगाच्या खुणा केल्या आहेत, त्या पुसू नयेत. मंडप घालणाऱ्या नाका कामगारांची मजुरी कालच चुकती केली आहे. रात्री जागून फलक रंगवणारे विद्यार्थी, पोलीस आणि सफाई कर्मचारी यांचे ऋण मोठे आहे. सफाई कर्मचाऱ्यांना व्यासपीठावर बोलावण्याचे ठरले होते, परंतु त्यांची पाळी याच वेळी असल्याने ते दुपारच्या सत्रात येतील.

उद्या सकाळी सात वाजता किल्ला पाहण्याची सोय आहे. वाट झाडोऱ्यातून असल्याने बंद बूट घालावेत आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी. परिषदाध्यक्षांनी आता आसन ग्रहण करून कामकाजास आरंभ करावा, अशी स्वागत समितीची विनंती आहे.