वॉकर : पायांनी कमावलेले आडनाव



इंग्रजी शिकू लागलेल्या एखाद्या मुलाला ‘वॉकर’ या आडनावाचा अर्थ विचारा. तो चटकन सांगेल, ‘चालणारा!’ पण जरा विचार करा. चालत तर सारेच होते. मग गावात एकट्यालाच कोणी ‘चालणारा’ का म्हणावे?

या नावाचे मूळ रस्त्यावर नाही, लोकरीच्या कापडात आहे. जुन्या इंग्रजीत ‘वॉक’ या क्रियापदाचा अर्थ लोळवणे, घुसळणे असा होता. चालण्याचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड विरविरीत आणि तेलकट असे. ते पाण्याच्या कुंडात टाकायचे, त्यात शिळे मूत्र किंवा तेल शोषणारी माती घालायची, आणि माणसाने आत उतरून, भिंतीचा चिखल तुडवावा तसे, ते तासन् तास तुडवायचे. तेल निघून जाई, धागे एकमेकांत गुंतून आटत आणि कापड दाट होई. हे काम करणारा तो वॉकर. थंड मुलखातल्या लोकांना ऊब मिळे, ती याच्या भिजलेल्या पायांच्या कष्टांतून.

आता मौज पाहा. काम एकच, पण मुलूख बदलला की शब्द बदले. उत्तरेस यॉर्कशर, लँकाशर या भागांत वॉकर. दक्षिणेस व पूर्वेस फुलर. नैर्ऋत्येस डेव्हनकडे टकर. डेव्हनमधल्या एक्सेटर शहरात विणकर आणि टकर यांच्या संघाची १४७१ साली बांधलेली ‘टकर्स हॉल’ ही वास्तू आजही उभी आहे. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘तुडवणाऱ्याचा मुलगा’ अशा अर्थाचे आडनाव होते. इंग्रजीत लिहिताना त्याचेही पुष्कळदा वॉकरच झाले.

पुढे पाण्यावर चालणारे लाकडी हातोडे हे काम करू लागले. ११८५ सालच्या एका जमीनदप्तरात अशा चक्क्यांची नोंद सापडते. पायांचे काम गेले. पण त्याच सुमारास आणि नंतरच्या दोनतीनशे वर्षांत आडनावे बापाकडून मुलाकडे जाऊ लागली होती. मुलगा शेतकरी झाला, शिंपी झाला, तरी तो वॉकरच राहिला. १५३८ साली आठव्या हेन्रीच्या राजवटीत प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम निघाला, आणि नावे कागदावर अधिकच पक्की झाली.

म्हणून सारे वॉकर एका कुळाचे समजू नका. कापड तुडवणारा गावोगाव होता, त्यामुळे नावही ठिकठिकाणी वेगवेगळे जन्मले. आडनाव एक म्हणजे भावकी एक, असे नव्हे.

अर्थ लोक किती विसरले, याचा एक दाखला देतो. स्कॉटलंडमधल्या किल्मार्नक गावी १८२० साली जॉन वॉकर याने किराणा दुकान काढले. त्याच्या नावाची दारू पुढे जगभर गेली. १९०८ साली तिच्या जाहिरातीसाठी चित्र काढले, ते ऐटीत चालणाऱ्या माणसाचे! मुंबईत बसकंडक्टरी करणारे बदरुद्दीन काझी चित्रपटांत आले, तेव्हा गुरुदत्तांनी त्यांना त्याच दारूवरून ‘जॉनी वॉकर’ हे नाव दिले. यॉर्कशरच्या कुंडात कापड तुडवणाऱ्याचे नाव असे आपल्या गावच्या तंबूतल्या पडद्यापर्यंत येऊन पोचले.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात एखाद्या आडनावाचा अर्थ निघाला, तर आजच्या शब्दकोशावर थांबू नका. ते नाव कोणत्या भागातले, त्या काळी तिथे कोणता धंदा चाले, हेही मुलांना शोधू द्या. राजांची नावे इतिहासाच्या पुस्तकात असतातच. कष्टकऱ्याने मात्र आपल्या हातापायांची आठवण अनेकदा आडनावातच मागे ठेवलेली असते. ती वाचायची, तर नीट वाचली पाहिजे.